पाण्याची वाट

इमारत गळू लागली म्हणजे गळती थांबविणाऱ्या मक्तेदारास बोलावावयाचे, त्याने आणलेल्या डब्यातील द्रव्य गच्चीवर फासून घ्यावयाचे, दहा वर्षांच्या हमीचा कागद कपाटात जपून ठेवावयाचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात छताच्या त्याच कोपऱ्यात तोच डाग पुन्हा उमटला म्हणजे त्या कागदावरील पत्त्याचा शोध सुरू करावयाचा, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या मुळाशी एक विशिष्ट समजूत आहे आणि ती समजूतच उथळ आहे, अशी शंकाही कोणास येत नाही. पाणी हा घराचा शत्रू, शत्रूस रोखण्यासाठी तट हवा, आणि तो तट बाजारात डब्यातून विकत मिळतो, अशी ती समजूत होय. ‘जलरोधन’ हा आपण रूढ केलेला शब्दही तिला दुजोरा देतो. त्यात रोध आहे, मार्ग नाही.

माझे प्रतिपादन असे की, इमारत पाण्यापासून सुरक्षित राहते ती पाणी अडविल्याने नव्हे, तर पाण्याला वाट आखून दिल्याने. पाणी कोठून येईल, कोठे व किती काळ थांबेल आणि अखेरीस कोठे जाईल, या प्रश्नांची उत्तरे पायाची आखणी करतानाच द्यावी लागतात. ती त्या वेळी दिली असतील तर वरचा लेप हा एक उपयुक्त साहाय्यक ठरतो, आणि दिली नसतील तर कोणताही लेप ती मागाहून देऊ शकत नाही. हे सिद्ध करण्यासाठी मी कोकणातील मुसळधार पावसाचा दाखला घेत नाही, कारण तेथे पाऊसच माणसास सावध ठेवतो. मी घेतो तो माळव्याचा, पवारांच्या धार आणि देवास या राजधान्यांच्या मुलखाचा, जेथे वर्षाकाठी साधारण ८०० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतेक चार महिन्यांतच पडतो, आणि उरलेले आठ महिने माणूस त्यास विसरून जातो.

१. जहाजमहालाची साक्ष

पूर्वी धार संस्थानात मोडत असलेल्या मांडूच्या पठारावर मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर जहाजमहाल उभा आहे. घियासुद्दीन खिलजीच्या कारकीर्दीत, म्हणजे १४६९ ते १५०० या काळात, तो बांधला गेला असे सामान्यतः मानतात. लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी जेमतेम १५ मीटर. दोन्ही अंगांना पाणी, आणि विशेष म्हणजे मस्तकावरही पाणी. त्याच्या गच्चीवर हौद आहे, आणि त्या हौदाकडे जाणारी पन्हळ सरळ न नेता वळणावळणांनी नेलेली आहे, जेणेकरून पाण्याचा वेग मंदावावा आणि गाळ वाटेतच खाली बसावा. श्रावणात तेथे उभे राहिल्यावर प्रवासी त्या वास्तूच्या सौंदर्याने मोहित होतो, आणि ते योग्यच आहे; परंतु बांधकामाचा विचार करणाऱ्याच्या मनात त्याहून गंभीर प्रश्न उभा राहतो. आजचा गृहस्थ गच्चीवर चार बोटे पाणी साचले की बेचैन होतो. मग ज्याने आपण होऊन गच्चीवर पाणी नेले आणि साठविले, त्याचे छत पाच शतकांनंतरही उभे कसे?

त्याचे उत्तर कोणत्याही गुप्त मसाल्यात नाही. हौदात पाण्याने उभे राहावे, पन्हळीत चालावे, यांखेरीज तिसऱ्या ठिकाणी त्यास मुभा नव्हती. हौदाचा तळ हौद म्हणून बांधला गेला, पन्हळीचा पन्हळ म्हणून, आणि उरलेल्या गच्चीला ढाळ देण्यात आला. म्हणजे पाणी हा त्या इमारतीच्या आराखड्यातील आगंतुक नव्हता, त्याची जागा खोल्यांइतकीच निश्चित होती. आजच्या आपल्या नकाशांत शयनगृहे, सज्जे, जिने सर्व काही मोजमापासह असते. परंतु गच्चीचा ढाळ कोणत्या दिशेस, किती, आणि पाणी जाण्याची तोंडे किती व कोणत्या पातळीवर, हा तपशील किती नकाशांत आढळतो? तो बहुधा गवंड्याच्या अंदाजावर सोपविलेला असतो, आणि स्लॅब पडून झाल्यावर, नळकामगार भिंतीत भोक पाडावयास येतो तेव्हा, सर्वांत सोयीची जागा ती पाण्याची जागा ठरते.

जुन्या चुनेगच्चीची कृतीही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. घाणीत मळलेला चुना, सुरखी आणि विटांचे तुकडे यांचा थर ढाळ सांभाळून पसरावयाचा, गुळाचे व बेलफळांच्या गराचे पाणी शिंपीत लाकडी थाप्यांनी तो सुमारे आठवडाभर चोपावयाचा, आणि मग तो दीर्घकाळ ओला ठेवावयाचा. भारतीय मानक ३०३६ मध्ये चुनेगच्चीच्या या कामास आजही मान्यता आहे. आपण त्यातील गूळ-बेलफळांचे कौतुक करतो. मला मात्र त्या आठवड्याचे मोल अधिक वाटते. थापीच्या प्रत्येक आघाताने थरातील पोकळी मिटत जाते, आणि पाणी ज्या वाटेने शिरले असते ती वाट माणसाच्या श्रमाने बुजविली जाते.

२. पाणी शिरते कसे

गळती ही एकच व्याधी नाही. पाणी वरून गुरुत्वाकर्षणाने उतरते; खालून भिंतीच्या सूक्ष्म रंध्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, चढते; वाऱ्याच्या जोराने बाजूच्या भेगांतून आत ढकलले जाते; न्हाणीघराच्या व नळांच्या सांध्यांतून बारमाही पाझरते; आणि थंड भिंतीवर घरातील दमट हवेचे बाष्प निवून तेथेच पाणी होते. या पाचांची चिन्हे वरवर पाहता सारखीच: डाग, पोपडे, भिंतीवर फुटलेला पांढरा खार. उपाय मात्र सर्वस्वी भिन्न. जोत्यातून चढणाऱ्या ओलीवर गच्चीचा लेप काय करणार? आणि बारा महिने ओला राहणारा डाग पावसाचा कसा असेल? निदान न करता औषध देणाऱ्या वैद्यास आपण भोंदू म्हणतो. इमारतीच्या बाबतीत मात्र त्यासच तज्ज्ञ म्हणून मान देतो.

माळव्याची हवा कोरडी, तेव्हा येथे या गोष्टीचा एवढा बाऊ कशाला, असे पुष्कळांना वाटते. हवेचा कोरडेपणा खरा आहे; क्षयाने पीडित झालेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला येऊन राहिले ते या कोरड्या हवेसाठीच. परंतु जी हवा फुप्फुसांस हितकर ती ताज्या काँक्रीटास हितकर असतेच असे नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. आणि वैशाखाच्या उन्हात, लूच्या झोतात, पडलेला स्लॅब जर दोन दिवस शिंपडून तिसऱ्या दिवशी सोडून दिला, तर तो संयोग अर्धवट राहतो आणि पृष्ठभागावर केसासारख्या भेगांचे जाळे पसरते. उष्ण व कोरड्या हवेत निदान दहा दिवस पाणी द्यावे, अशी भारतीय मानक ४५६ ची स्पष्ट ताकीद आहे. येथील कारागीर ज्यास तराई म्हणतात त्या या साध्या कामावर, माझ्या मते, गच्चीचे निम्मे भवितव्य अवलंबून असते.

त्याच मानकाप्रमाणे मध्यम प्रतीच्या हवामानास उघड्या असणाऱ्या सलोह काँक्रीटात पाण्याचे वजन सिमेंटच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये, म्हणजे ५० किलोच्या पोत्यास, वाळूतील ओल धरून, फार तर २५ लिटर. मिश्रण सहज पसरावे म्हणून मुकादम आणखी एक बादली ओतावयास सांगतो. त्या बादलीतील पाणी संयोगात खर्ची पडत नाही. ते पुढे उडून जाते आणि आपल्यामागे सूक्ष्म नलिकांचे जाळे ठेवते. गळतीचे पहिले पाणी, अशा रीतीने, आकाशातून पडण्यापूर्वीच आपण स्लॅबमध्ये ओतलेले असते.

आता उष्णतेचा हिशेब पाहा. काँक्रीट एका अंशास आपल्या लांबीच्या सुमारे एक लक्षांशाने प्रसरण पावते. पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत गच्चीच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, आणि हा फरक माळव्यात अतिशयोक्त नाही, तर १२ मीटर लांबीचा स्लॅब सुमारे ५ मिलिमीटर लांब-आखूड होतो. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यावर ही ओढाताण वर्षानुवर्षे चालते, आणि म्हणूनच गच्ची मध्यभागी क्वचित फुटते, कडेला बहुधा फुटते. कोबा करताना कठड्याच्या पायथ्याशी गोलाई देऊन जो वाटा काढतात आणि तो वीतभर वर चढवितात, त्याचे प्रयोजन हेच. परंतु तो वाटा शोभेची बाब समजून, शेवटच्या दिवशी, उरलेल्या मालात उरकला जातो.

३. काळ्या मातीचा दंड

माळव्याच्या सुपीकतेचे गोडवे ज्या काळ्या मातीमुळे गाइले जातात, तीच येथील घरांची सर्वांत कठोर परीक्षक आहे. पाणी मिळाले की ती फुगते, सुकली की आकसते आणि हातभर खोल भेगा पाडते. आता असे समजा की, गच्चीचे सर्व पाणी एकाच पन्हळीने घराच्या एका कोपऱ्यात, थेट जोत्याच्या पायथ्याशी सोडले आहे. त्या कोपऱ्याखालची माती फुगते, दुसऱ्या कोपऱ्याखालची तुलनेने कोरडी राहते. एक कोपरा उचलला जातो, दुसरा स्थिर राहतो, आणि मधल्या भिंतीत खिडकीच्या कोनापासून तिरपी भेग निघते. पुढच्या श्रावणात वाऱ्याने झोडपलेला पाऊस त्याच भेगेतून आत येतो. घरमालक म्हणतो, भिंतीचे प्लास्टर खराब. प्लास्टर निर्दोष असते; छतावरून आपण ज्यास हाकलून दिले असे आपणांस वाटले, तेच पाणी मातीतून फिरून भिंतीच्या वाटेने परत आलेले असते.

म्हणूनच गच्ची, पन्हळ, जोत्याभोवतीचा बाहेर उतरता फरसबंद पट्टा आणि पाया या चार वेगवेगळ्या बाबी नसून एकाच प्रवाहाचे चार टप्पे आहेत, हा माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. काळ्या मातीत पाया हंगामी फुगवट्याच्या पातळीखाली न्यावा, किंवा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे स्तंभ वापरावेत. जोत्यावर भिंतीची पहिली वीट बसण्यापूर्वी दाट काँक्रीट व डांबर यांचा ओलरोधक थर सलग द्यावा. आणि पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर नेऊन पोहोचवावे. नेऊन पोहोचवावे म्हणजे कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर देवासने दिलेले आहे.

पावलोपावली पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, त्याच माळव्यातील देवास शहरास १९९० साली रेल्वेगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. विंधणविहिरींनी भूगर्भ रिता केला होता. पुढे जिल्हा प्रशासनाने घरांच्या छतांवरील पाणी गाळून त्याच विंधणविहिरींत सोडण्याची तजवीज केली, आणि त्यासाठी जी गाळणी बनविली ती ‘देवास फिल्टर’ याच नावाने ओळखली जाते: १४० मिलिमीटर व्यासाची, १.२ मीटर लांबीची नळी, तिच्यात क्रमाक्रमाने वाढत्या आकाराच्या खड्यांचे तीन कप्पे, आणि तोंडाशी जाळी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १,००० मिलिमीटर पाऊस पडला तर तो १ लक्ष लिटर होतो. हे १ लक्ष लिटर पाणी जोत्याच्या कोपऱ्यात ओतले तर भिंत फाटते. गाळून विहिरीत सोडले तर त्याचा मोठा वाटा भूगर्भास मिळतो आणि उन्हाळा सुसह्य होतो. पाण्यास शत्रू मानणाऱ्याला ही दुसरी शक्यता सुचणेच अशक्य आहे. शिवाय, ज्या गच्चीचे पाणी आपल्याच विहिरीत जाते तिचे तोंड गृहस्थ मृगापूर्वी आवर्जून साफ करतो, आणि पाने अडकून गच्ची तुंबणे हे गळतीचे एक मोठे कारण आपोआप टळते. जलसंचय आणि इमारतीची सुरक्षितता ही एकाच कामाची दोन फळे आहेत, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

४. ‘जुने ते भक्कम’ या समजुतीविषयी

येथे मला एका स्वाभाविक आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मांडूचा दाखला देऊन मी जुन्याचे स्तोम माजवीत आहे, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार (तिसरे) यांचे खासगी चिटणीस म्हणून काम केलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी आपल्या तेथील पत्रांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध केले. त्यात नव्या राजवाड्याचे जे वर्णन आहे ते विषण्ण करणारे आहे: वाड्याचे बांधकाम अद्याप चालूच असून दहा वर्षांपूर्वी पुरा झालेला भाग एव्हाना ढासळू लागला आहे. हा वाडा काही आजच्या घाईच्या काळातील नव्हे. आणि खिलजींच्या मांडूतही पडलेल्या भिंती उभ्या भिंतींहून कमी नाहीत. जे टिकले तेवढेच आपण पाहतो आणि त्यावरून साऱ्या युगाची परीक्षा करतो, हा तर्कदोष आहे.

यावरून निष्पन्न होते ते इतकेच की, द्रव्य जुने की नवे यावर टिकाऊपणा अवलंबून नाही. डांबरी पत्रे, रबरासारखे लवचीक लेप, सिमेंटात मिसळावयाची जलविरोधी द्रव्ये ही आधुनिक रसायनशास्त्राची देणगी आहे आणि योग्य जागी ती चुन्याहून श्रेष्ठ आहेत. न्हाणीघराच्या खोलगट तळासाठी तर मी त्यांचाच आग्रह धरीन. मात्र जेथे ढाळच नाही तेथे उत्तम लेपही साचलेल्या पाण्याखाली आणि उन्हाच्या माऱ्याने लवकर निकामी होतो, आणि मग दोष द्रव्यास दिला जातो.

५. दोन पात्यांचे बांधकाम

देवास शहर एकेकाळी थोरली आणि धाकटी अशा दोन पात्यांत विभागलेले होते; एकाच गावात दोन दरबार, दोन कारभार. आजच्या प्रत्येक बांधकामावर मला तीच वाटणी दिसते, फरक इतकाच की पात्या दोहोंहून अधिक आहेत. वास्तुविशारद आकृती देतो, सांगाड्याचा अभियंता लोखंड मोजतो, गवंडी प्लास्टर करतो, नळकामगार भोके पाडतो, आणि जलरोधनाचा मक्तेदार या सर्वांच्या मागून येतो. प्रत्येकाची हद्द कागदोपत्री आखलेली असते. पाण्यास हद्द ठाऊक नसते. ते नेमके दोन हद्दींच्या सांध्यावर शिरते: नळ आणि स्लॅब, चौकट आणि भिंत, कठडा आणि कोबा यांच्या मध्ये. तक्रार झाली की प्रत्येकजण दुसऱ्याच्या पातीकडे बोट दाखवितो, आणि प्रत्येकजण आपल्यापुरता खराही असतो. या सर्व सांध्यांचा जिम्मा पायापासून गच्चीपर्यंत एकाच व्यक्तीच्या माथी नावानिशी असल्याखेरीज हा तंटा मिटणार नाही.

६. जीर्णोद्धारातील विवेक

नव्या बांधणीत चूक टाळता येते. जुन्या घरात ती शोधावी लागते, आणि येथे घाई सर्वाधिक घातक ठरते. गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घालण्याची जी चाल पडली आहे तिचे वजन कोणी करीत नाही. ११ सेंटिमीटर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २०० किलो भार टाकतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तो २० टन होतो. ज्या स्लॅबमधील लोखंड ओलीने गंजले आहे, आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापून भोवतीचे काँक्रीट फोडीत आहे, त्याच दुर्बळ स्लॅबच्या मस्तकावर आपण दुरुस्ती म्हणून हे २० टन ठेवतो. जुना थर काढून, स्लॅब उघडा करून, भेगा भरून, मगच नवा थर घालणे हे त्रासाचे व खर्चाचे आहे. परंतु त्याखेरीज दुरुस्ती हा शब्द वापरण्याचा अधिकार पोहोचत नाही.

दुसरी चूक धार-देवासच्या जुन्या वाड्यांत डोळ्यांदेखत होत आहे. चुन्यात बांधलेली जाड भिंत ओल घेते आणि कोरड्या ऋतूत ती बाहेर सोडते. तिच्या श्वासोच्छ्वासावरच तिचे आरोग्य अवलंबून असते. तिच्यावर ओल दिसली म्हणून सिमेंटचे दाट प्लास्टर चढविले की बाहेर जाण्याचा मार्ग बंद होतो. ओल आतच कोंडते, आणखी वर चढते, क्षार विटांस पोखरतात, आणि काही वर्षांनी प्लास्टरचा पापुद्रा विटेची कातडी घेऊनच गळून पडतो. आतून चकचकीत जलविरोधी रंग लावणे हाही त्याच जातीचा उपाय. डाग दिसेनासा होतो, पाणी तेथेच असते.

७. खर्चाचा आक्षेप आणि एक अट

हे सर्व ठीक, पण सामान्य गृहस्थास परवडावे कसे, हा अखेरचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे, आणि त्यास मी टाळू इच्छीत नाही. माझी वरील मागणी पुन्हा पाहावी: पाणी मोजून घालणे, दहा दिवस तराई करणे, १०० सेंटिमीटरला निदान १ सेंटिमीटर ढाळ देणे, वाटा नीट काढणे, पाण्याची तोंडे नकाशात दाखविणे. यांतील एकाही गोष्टीस महाग द्रव्य लागत नाही. लागते ती देखरेख. काळ्या मातीतील योग्य पाया मात्र खरोखरच खर्चिक आहे, हे मी मान्य करतो, आणि ज्याचे अंदाजपत्रक मर्यादित आहे त्याने एक खोली कमी बांधावी पण पाया उथळ ठेवू नये, असे मी निःसंकोच सांगेन. जो भाडेकरू आहे, ज्यास पाया निवडण्याचा अधिकारच नाही आणि ज्याच्या मुलांस ओलसर खोलीतील बुरशीचा उपसर्ग होतो, त्याची बाजू या हिशेबात कोणी धरीत नाही, म्हणून ती येथे नोंदवितो.

मक्त्याच्या कागदात हमीच्या वर्षांऐवजी एक अट लिहून घ्यावी, असे मला वाटते. फरशी बसण्यापूर्वी गच्चीच्या व प्रत्येक न्हाणीघराच्या तोंडांस बूच मारून पाणी भरावे आणि ते तीन दिवस उभे ठेवावे. खालच्या छताची सकाळ-संध्याकाळ पाहणी करून नोंद करावी. चौथ्या दिवशी बुचे काढून सर्व पाणी आपण होऊन निघून जाते की कोठे डबके उरते, तेही लिहावे. आणि त्या नोंदीवर वास्तुविशारद, गवंडी, नळकामगार व मालक यांच्या तारखेसह सह्या घ्याव्यात. ज्या दप्तरात ही नोंद नाही, त्या कामाचा अखेरचा हप्ता मंजूर करू नये.